बाबांच्या हाताची काठी

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये रविवार मासळीचा असायचा, आणि ते आख्ख्या गल्लीला खिडक्या लागण्याच्या आवाजावरून कळायचं. शेजारच्या तिवारी आंटी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या, मग बैठकीची, आणि मग बंद खिडकीआडून विचारायच्या, "भाभीजी, आज फिर?" मागच्या अंगणातल्या नळाखाली मरळ खवलत बसलेली आई तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायची, "हां जी, आज फिर!" यात भांडण नव्हतं. सोमवारी त्याच आंटी कढीपत्ता तोडायला आमच्या अंगणात असायच्या. आई नागपूरची. सुकं खोबरं आणि खसखस तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची, आणि त्या रश्शाला जो रंग यायचा तो मी नंतर कुठल्याही ताटात पाहिलेला नाही. भाकरीची ज्वारी नागपूरहून येणारं कोणी ना कोणी पिशवीतून आणायचं. हे सगळं मी चवीनं लिहितेय, कारण ते जवळजवळ दीड वर्ष बंद पडलं होतं, आणि ते पुन्हा सुरू करायच्या खटपटीत मी जी अक्कल पाजळली ती इथे न लपवता सांगायची आहे.

आत्मकथन लिहायचं हे वय नाही, असं मला चळवळीतले बरोबरचे लोक ऐकवतात. तिशी नुकतीच ओलांडलीय, कबूल. पण दहा वर्षं पत्रकं लिहिण्यात गेली. बसची पायरी गुडघ्याच्या वर का असते, दवाखान्याच्या दाराला मुठीत न मावणारी गोल मूठच का बसवतात, हात नीट न चालणाऱ्या माणसानं फॉर्म कसा भरायचा. पत्रकात 'मी' ला जागा नसते. अर्ध्या पानात मागण्या मांडायच्या, खाली सभेची वेळ. तिथे बाबा मावत नाहीत.

बाबा कारखान्यात वाइंडिंगला होते. तांब्याच्या तारेवर काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, कुठे फुगवटा नाही, कुठे फट नाही, आणि वर वॉर्निश. एवढंच काम, पण ते हातात इतकं मुरलेलं की घरी त्यांनी काही बांधलं, मग ती अंगणातली कपड्यांची तार असो की आईच्या झाडूची मूठ, ते सोडवायला कात्रीच लागायची. शनिवारी संध्याकाळी भोंगा झाला की रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा यायचा आणि त्यातून आमची स्कूटर मी आवाजावरून ओळखायची. मग अंगणात खुर्ची टाकून बाबा गळ तपासायचे, दोरीची गाठ दातानं ओढून बघायचे, रॉडला आईनं शिवलेल्या लांब सुती पिशवीत घालायचे. पहाटे ते मासे धरायला निघायचे तेव्हा मी झोपेत असायची. पण परत यायचे तेव्हा कपड्यांना शेवाळाचा आणि ओल्या मातीचा वास असायचा, आणि त्या वासाच्या माणसाला काहीही मागितलं तरी तो हो म्हणायचा. शाळेच्या सहलीची परवानगी मी नेहमी रविवारीच मागितली आहे.

मोठमोठ्या यंत्रांपाशी वीस वर्षं साधा ओरखडा न घेतलेल्या या माणसानं घरच्या कूलरमध्ये हात घातला. मे महिना, दुपार, पंप अडकलेला. लाइट गेली होती म्हणून पंखा थांबला होता, आणि बाबांनी प्लग काढला नव्हता. लाइट आली. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं राहिली, पण ती मिटायची बंद झाली. अंगठा आणि पहिलं बोट शाबूत. बाबांना वाइंडिंगवरून उचलून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं, आणि लोकांनी त्यांना नाव दिलं: बेचारे. तिवारी आंटींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो शब्द इतक्या मायेनं वापरला की रागावताही येईना. आज मला कोणी अपंगांसाठी 'बिचारे' म्हणालं की मी बोलणं तिथेच तोडते. तेव्हा मी सोळाची होते आणि मीही मनात तेच म्हणत होते, हे लिहून ठेवते.

बाबांनी हात खिशात ठेवायला सुरुवात केली. घरातसुद्धा. पायजम्याला खिसा नव्हता तर आईकडून शिवून घेतला. एकदाच, पावसाळ्यानंतर, कारखान्याच्या शॉपमधल्या एका मित्रानं त्यांना आपल्या स्कूटरवर मागे बसवून कलियासोतच्या धरणावर नेलं. संध्याकाळी दोघं रिकाम्या हातानं परतले. अगदी रिकाम्या, रॉडही नव्हती. मित्र दारातच सांगायला लागला, "भाभी, क्या बताऊं, मछली ने झटका मारा और रॉड हाथ से निकलके सीधी पानी में! ऐसी तैरती गई, ऐसी..." तो हसत होता. मग त्यानं आमची तोंडं बघितली आणि चहाही न घेता गेला. बाबा त्या दिवसापासून पाण्याकडे गेले नाहीत. रविवारी ते वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि दुपारी तेच पान समोर असायचं. आई एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "रंजू, हा माणूस खुर्चीवर बसायला शिकला ना, तर मग उठायचा नाही." तिच्या आवाजात रडू नव्हतं. नोटीस होती.

म्हणून मी ठरवलं की बाबांना नवीन रॉड मिळाली पाहिजे. लक्षात घ्या, मी ठरवलं. नेहरू नगरमध्ये रफीक चाचा म्हणून एक जण घराच्या ओसरीत ऑर्डरप्रमाणे रॉड बनवून द्यायचे. दुकानातल्या तयार रॉडला ते 'लावारिस' म्हणायचे: कोणाच्या हातासाठी बनलीय तेच माहीत नाही. आमच्या टाउनशिपच्या पोरांना एक रोग होता, कुठलीही गोष्ट ड्रॉइंगशिवाय बनत नाही असं आम्हांला खरोखर वाटायचं. दर दुसऱ्या घरात टी-स्क्वेअर होता. मी जुन्या रॉडची ती सुती पिशवी मापली. मुठीच्या जाडीसाठी बाबांचा स्कूटरचा उजवा हातमोजा काढला, त्यात कापूस ठासून भरला आणि त्याची मूठ वळवून माप घेतलं. मग ड्रॉइंग शीटवर पुढून, बाजूनं, वरून अशी तीन चित्रं, बाण, मिलिमीटर, कोपऱ्यात चौकट, चौकटीत माझी सही. फार सुंदर ड्रॉइंग होतं ते. त्यात जो हात होता तो आता जगात नव्हता, एवढीच काय ती चूक.

चाचांनी ते उलटसुलट धरून बघितलं. "को खां, छड़ी बनवा रई हो कि पुल?" तिकडे 'को खां' म्हणजे आपलं 'काय राव'.

"मेरे बाबा के लिए है. सब नाप इसमें है."

"तो बाबा को लाओ ना. बंदा खड़ा कैसे होता है, कोहनी कां जाती है, ये कागज बताएगा?"

"वो शहर से बाहर गए हैं."

"हाथ कैसा है उनका?"

"ठीक है," मी म्हणाले.

चाचांनी ड्रॉइंगची घडी घातली. मग विचारलं की मासा कुठला. मी मरळ म्हटलं, तिकडे तिला सांवल म्हणतात. ते खूश झाले. मरळ मोकळ्या पाण्यात नसते, शिंगाड्याच्या वेलींत दबा धरून बसते आणि वरून बेडूक गेला की झडप घालते. "इसके लिए डंडी का सिरा नरम चाहिए, ताकि रबड़ का मेंढक दूर फिंके. और कमर सख्त, ताकि बेल में से घसीट लाए. दोनों काम एक डंडी से. ऐसा मियां-बीवी का निबाह है, बिटिया, बैठते-बैठते बैठता है."

तीन आठवड्यांनी रॉड तयार झाली. गडद हिरवी पोकळ डांडी, दोरी ओवायच्या, खालून वर लहान होत जाणाऱ्या कड्या, बुचाची मूठ माझ्या मिलिमीटरबरहुकूम. आई या कटात सामील होती. तिनं त्या रविवारी पोहे केले, वर शेव, बाजूला कोपऱ्यावरून आणलेली गरम जिलेबी, आणि वाढून झाल्यावर मी रॉड आणून बाबांच्या पुढे धरली. ते उठले. आधी डाव्या हातात घेतली, टोक हलवून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी आलं. मग ती त्यांनी उजव्या हातात घेतली. मूठ तळव्यात आली, अंगठा बसला, पहिलं बोट बसलं, आणि बाकीची तीन बोटं बुचावर नुसती पडून राहिली. बाबांनी रॉड जरा उचलली. ती फिरली आणि निसटून पाण्याच्या स्टीलच्या पिंपावर आपटली. बाबांनी ती उचलून कपाटामागे उभी केली, हात खिशात घातला आणि म्हणाले, "छान आहे. पोहे गार होतायत."

त्याच दुपारी मी नेहरू नगरला गेले. तोवर माझ्या डोक्यात एक अख्खं भाषण तयार झालं होतं. चाचा ओसरीत दोरा गुंडाळत होते. मी पायरीवरूनच सुरू केलं: इतकं नीट माप दिलं होतं, तरी तुमची रॉड हातात टिकत नाही, तुम्ही कारागीर म्हणवता. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"मूठ कागज से नाप ले. एक सूत का फरक निकले तो छड़ी मेरे सर पे तोड़ देना," ते म्हणाले. "अब बता. हाथ कैसा है?"

मी सांगितलं. कूलर, बोटं, हातमोजा, कापूस. सगळं. सांगताना रडू यायला लागलं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

चाचांनी माझं सांत्वन केलं नाही. "अमां, हद कर दी. आदमी के लिए छड़ी बनवाई और आदमी को ही छुपा लिया? मैं क्या हाथ देखके डर जाता?" मग दोरा दातानं तोडून म्हणाले, "जा. उनसे बोल. ये भी बोल कि तूने झूठ बोला."

माझ्या आयुष्यात मी पोलिसांच्या समोर बसून बोलले आहे, मोठ्या साहेबांच्या केबिनीत टेबलावर पत्रकं आपटली आहेत. पण त्या संध्याकाळी बाबांना ते सांगणं जितकं कठीण गेलं तितकं पुढे काहीच गेलं नाही. ते ऐकत होते. मी "हात ठीक आहे असं सांगितलं" म्हणाले आणि ते एकदम ओरडले. दीड वर्षात पहिल्यांदा.

"ठीक आहे? कोणाचा हात ठीक आहे? तुला कोणी सांगितलं होतं असं सांगायला?"

"तुम्हांला आवडत नाही ना, कोणी बघितलेलं... तुम्ही स्वतःच तर लपवता."

"मी लपवीन! माझा आहे तो! तू का लपवलास? लाज वाटली?"

"नाही, बाबा."

"मग?"

थोडी वाटली होती. शाळेत किंवा मैत्रिणींच्या घरी ते मला सोडायला आले की मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहायची, मध्ये, हात झाकला जाईल अशी. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना बहुतेक माहीत होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघं ओरडून झालं असेल तर जेवून घ्या," आणि बाबा ताटावर बसताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या चारला सुटल्यावर जायचं. कुठे राहतो तो?"

स्कूटरचा एक्सलरेटर उजव्या हाताचा, म्हणून बसनं गेलो. रॉड आत मावेना. शेवटी बाबांनी टोक खिडकीबाहेर काढलं. कंडक्टर म्हणाला, "चचा, बस में से ही मार लोगे क्या? इसका भी टिकट लगेगा." अख्खी बस हसली, आणि बाबाही म्हणाले, "आधा लगाओ, बारह साल से छोटी है." हा आवाज मी विसरत चालले होते.

रफीक चाचांनी नमस्कार-चमत्कार आटोपला आणि हात पुढे केला. बाबांना जरा वेळ लागला. मग त्यांनी खिशातून हात काढून चाचांच्या हातात दिला. चाचांनी तो असा तपासला जसा कोणी बाजारात भोपळा उलटून बघतो. अंगठा दाबला, "मारो जोर." पहिलं बोट ओढलं. बाकीची तीन बोटं एकेक करून उचलली आणि सोडली. "हूं. ये तीनों तो छुट्टी पे हैं, खां. बिना अर्जी के."

बाबा हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. मी दारात उभी होते आणि मला कळलं की दीड वर्षात त्या हाताबद्दल आमच्यापैकी कोणीही एक साधा विनोद केला नव्हता.

"पकड़ गई," चाचा म्हणाले, "टेक तो है. कलाई है, बाजू है. वजन उंगली से क्यों उठाते हो, बाजू से उठाओ." आणि माझ्या मिलिमीटरची मूठ त्यांनी चाकूनं कापून काढली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. नवीन मूठ जवळजवळ दुप्पट जाड: न मिटणाऱ्या हाताला बारीक वस्तू धरता येत नाही, जाड टेकवता येते. पहिल्या बोटासाठी खालून एक आकडा. आणि मागचा दांडा इतका लांब की तो मनगटामागून कोपरापर्यंत हाताखाली टेकायचा. म्हणजे मासा ओढायला लागला की ओढ बोटांवर न येता अख्ख्या हातावर येणार. फेकताना दोन्ही हात, डावा मागे ओढणार, उजवा फक्त दिशा देणार. दोरी गुंडाळायचं रीळ डाव्यानं फिरवायचं. टोक जड लागू नये म्हणून दांड्याच्या बुडात शिशाची गोळी. सगळं झाल्यावर चाचांनी काठी रिळाच्या जराशी पुढे एका बोटावर आडवी ठेवली आणि ती तराजूसारखी थांबली.

मूठ बदलली म्हणजे कड्याही पुन्हा बसवायच्या होत्या. त्याआधी त्यांनी आम्हांला एक गोष्ट दाखवली. नुसती डांडी जमिनीवर टेकवली, टोक तळव्यावर सैल धरलं आणि मध्ये दाबलं. डांडी वाकता वाकता स्वतःच फिरली आणि एका बाजूला जाऊन बसली. कितीही वेळा फिरवून दाबलं तरी तिथेच. "हर डंडी की रीढ़ होती है. इस पे कड़ी बांधोगे तो सीधी रहेगी. अपनी मर्जी से कहीं और बांध दी, तो मछली लगते ही हाथ में घूम जाएगी." बाबांनी तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा डोळे मिटून.

मग चाचांनी दोऱ्याचं रीळ सरळ बाबांपुढे ठेवलं. "वाइंडर हो ना? बांधो." बाबा पुढे सरकून बसले. काठी दोन खुंट्यांवर आडवी, डाव्या हातानं ती फिरवायची, उजव्याचा अंगठा आणि पहिलं बोट दोऱ्याला ताण देणार. तीन बोटांचं तिथे कामच नव्हतं. पहिल्या कडीला त्यांना पाऊण तास लागला आणि दोनदा उसवावं लागलं. दुसरीला कमी. तिसऱ्या कडीला दोरा असा बसला की चाचांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. चार-पाच संध्याकाळी आम्ही तशा गेलो. मी ओसरीत बसून शाळेचा अभ्यास करायची आणि चाची आम्हांला चहाबरोबर मीठ लावलेले पेरू द्यायच्या. बाबा इतके रंगले की एका दिवशी त्यांनी कडीवर दोऱ्याचे तीन थर चढवले, वर वॉर्निशचे दोन हात दिले आणि तिसऱ्यासाठी ब्रश उचलला. वाइंडिंगमध्ये थर जितके जास्त तितकं काम पक्कं.

"अरे अरे अरे!" चाचा धावत आले. "ट्रांसफार्मर है क्या? इसमें करंट छोड़ोगे?" जितका दोरा आणि वॉर्निश जास्त तितकं टोक जड आणि मुकं होतं, मग खाली मासा नुसता हुंगून गेला तर हाताला कळत नाही. बाबांनी स्वतः ब्लेडनं ते सगळं खरवडलं. एकेरी थर, पातळ वॉर्निश. घरी येताना बसमध्ये ते पुटपुटत होते, "कमी. कमीच ठेवायचं. आयुष्यभर उलटं केलं."

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर कलियासोतला गेले. शॉपमधला तो मित्र नको, म्हणाले. पहाटेची पहिली बस, मग पायी. पाण्यावर धुकं होतं, काठावर शिंगाड्याच्या वेली, आणि एक पाणकोंबडी सारखी कुठेतरी खेकसत होती. इथे मगरी आहेत असं लोक सांगायचे. मी दगडावर पाय वर घेऊन बसले. बाबांनी खिशातून हात काढला, बाही कोपराच्या वर गुंडाळली, दांडा हाताखाली टेकवला. पहिल्या दहा-बारा फेकी वाया गेल्या. एक तर मागच्या बाभळीत. मी ती सोडवून आणली. नंतर रबरी बेडूक वेलींच्या पलीकडे पडायला लागला, आणि बाबा तो उड्या मारवत अलीकडे आणायचे.

उन्हं वर आली तेव्हा पाणी फुटलं. एकच फटका, जसं कोणी पाटीभर चिखल ओतावा. काठीचं टोक खाली गेलं, बाबांच्या हाताला हिसका बसला आणि ते एक पाऊल पुढे ओढले गेले. मी दगडावरून उडी मारली आणि दोन्ही हातांनी काठी धरली.

"सोड!"

"बाबा, निसटेल!"

"रंजू, सोड म्हणतो ना! हात काढ!"

मी हात काढले. ते कुठे ठेवायचे ते मला कळेना. काठी टोकापासून वाकत वाकत मध्यापर्यंत आली आणि तिथून पुढे वाकायची थांबली. दांडा बाबांच्या कोपराशी घट्ट रुतला होता, तिथली कातडी पांढरी पडली होती. तीन बोटं मुठीवर नुसती पडलेली. डावा हात रीळ फिरवत होता, थांबत होता, फिरवत होता. मरळ वेलींत घुसली. बाबा मागे सरकले, एक पाऊल, अजून एक, वेलींचा अख्खा गुंता काठाकडे यायला लागला, आणि त्यात मध्येच ती काळी पाठ दिसली. मी पाण्यात उतरले, मगरी-बिगरी विसरून, आणि वेलींसकट तिला मिठीत धरून बाहेर आणलं.

बाबा बसले. धापा टाकत होते. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, उन्हात. मी मासा दाखवला, माझ्या कोपरापर्यंतच्या हाताएवढा तरी असेल. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते काठी डोळ्यांसमोर धरून एका डोळ्यानं टोकापर्यंत बघत होते.

"चाचांना सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "वरून तिसरी कडी चुकलीय. ताण आला की दोरी मध्ये डांडीला घासते. अर्धा इंच खाली हवी."

"आता?"

"आता म्हणजे? परत जाताना नेहरू नगरवरूनच जाऊ. पुढच्या रविवारी अशी घेऊन येणार आहे का मी?"